मशीन चोपन्न घेत नव्हतं

"माझ्या नवऱ्यासाठी दुसरी बायको बघायला तुमाला कुनी सांगितलं?"

सकाळी फोन उचलला तर हेच ऐकू आलं. पलीकडे एक बाई होती. तिचा आवाज फोनशिवायही माझ्यापर्यंत आला असता. मी म्हटलं, "आधी नाव सांगा, मग भांडा."

"मंदा. सोनईच्या अलीकडं राहातो आमी. पोराचं लगीन जमवायचं म्हनून तुमच्याकडं नाव नोंदवलं. आन् आता घरी फोन येतोय, नवरदेवाचं पयलं लगीन झालंय का म्हनून!"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"झालंय म्हनलं. माझ्याशीच झालंय!"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं.

मी शेवगावात वधू-वर सूचक केंद्र चालवते. शाळा चौथीपर्यंत झाली. या धंद्याला त्यापुढचं फारसं लागत नाही. माणूस समोर बसवायचा, चहा द्यायचा आणि विचारायचं. मुलाचा बाप आला की तो आधी स्वतःचंच नाव सांगतो. मी म्हणते, तुमचं नको, पोराचं सांगा. तो हसतो आणि पोराचं सांगतो. झालं.

पण आता लोक समोर येत नाहीत. कुणी पुण्याला कंपनीत, कुणी ऊसतोडीला कारखान्यावर. तिथूनच मोबाईलवर नाव नोंदवायचं म्हणतात. म्हणून मागच्या वर्षी मी नगरच्या गौरीकडून अॅप करून घेतलं. गौरी इंजिनियर आहे. दवाखान्यांची, दुकानांची अॅप करते. मुलगी हुशार आणि भांडत नाही, म्हणून माझं तिच्याशी जमलं.

अॅपमध्ये फॉर्म असतो. चौकटी असतात, त्यात नाव, वय, उंची, शिक्षण लिहायचं. लिहिलेलं मशीनला पटलं नाही तर चौकटीखाली लाल अक्षरं येतात आणि फॉर्म पुढे सरकत नाही. गौरी त्याला व्हॅलिडेशन मेसेज म्हणते. मी लाल ओळ म्हणते.

सुरुवातीला प्रत्येक लाल ओळीत एकच मजकूर होता. "अवैध माहिती." मी गौरीला म्हटलं, "अवैध दारू असते. अवैध वाळू असते. माणसाचं वय अवैध कसं असेल? त्याला काय चुकलं ते तरी सांग." तिला पटलं. मग तिनं प्रत्येक चौकटीला तिचा नियम लिहिला. "वय २१ ते ४० या दरम्यान असावे." चाळीसची हद्द मीच घालून दिली होती, कारण त्यापुढच्या माणसांची नोंद मी स्वतः घेते. नियम स्वच्छ दिसत होता. गौरी खूश, मी खूश.

मंदाचा फोन ठेवला आणि मी तिच्या घरची नोंद उघडली. नाव दत्तात्रय. वय चाळीस. अविवाहित. व्यवसाय शेती आणि रोपवाटिका. फोटोत फेटा बांधलेला माणूस, मिशा पांढऱ्या.

नोंदीला माणसं जुळली की अॅप आपोआप मुलीकडच्यांना कळवतं. या नवरदेवाला त्यानं नेमकी अश्विनी जुळवली होती.

आता अश्विनीबद्दल सांगते. शेवगावात एका दवाखान्यात नर्स आहे. वडील लहानपणीच गेले, आत्यानं वाढवली. या मुलीनं माझ्यासमोर बसून सांगितलं होतं, "शेतकरी चालेल. फक्त शेतीत स्वतःच्या डोक्यानं काही करणारा पाहिजे." हे वाक्य हल्ली माझ्या खोलीत ऐकू येत नाही. सगळ्यांना नोकरीवाला हवा असतो. शेती करणारी चांगली चांगली पोरं बसून आहेत. अश्विनी बोलली तेव्हाच मला मंदाचा मुलगा सागर आठवला होता. भाजीपाल्याची रोपं तयार करून विकतो. निर्व्यसनी, कामाचा. म्हणून मीच त्यांच्या मागे लागून फॉर्म भरायला लावला होता.

आणि मुलीच्या आत्याकडे गेला तो बाप.

आत्याचं नाव निर्मला. मी फोन केला. त्या मंदासारख्या ओरडल्या नाहीत. हळू बोलल्या, ते जास्त वाईट.

"मावशी, त्याची बायकोच म्हणाली की ह्यांना चोपन्न झालं. चोपन्नचा माणूस चाळीसचा अविवाहित म्हणून नोंदवता तुम्ही?"

"चूक झाली आहे. मुलाच्या जागी बाप गेला."

"असं कसं होईल? मी अश्विनीचं नाव काढून घेते. आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगते."

"दोन दिवस द्या. मग खुशाल सांगा."

त्यांनी दोन दिवस दिले. सागरला पुन्हा अशी मुलगी मिळणार नव्हती, हे मला दिसत होतं. मी गौरीला बोलावून घेतलं. तिच्याच गाडीतून आम्ही सोनईकडे निघालो.

दत्तूभाऊ ओसरीवर बसले होते. आम्हाला बघून मंदा आत वळून म्हणाली, "चहा टाका गं कुनी तरी. नवरदेवाला बघायला पाव्हणे आलेत."

दत्तूभाऊंनी मान खाली घातली. पण मिशीत हसत होते.

गौरीनं सरळ विचारलं, "काका, वय का बदललं?"

"म्या आधी खरंच लिवलं हुतं. चोपन्न. ते लाल झालं. एकवीस ते चाळीस असावं म्हनलं. मग मी चाळीस केलं. लगेच फुडं गेलं."

"पण ते तर खोटं झालं ना?"

"मला वाटलं अट हाय. पीकविम्याला अटी असत्यात, ठिबकच्या अनुदानाला असत्यात. अटीत बसल्याबिगर फॉर्म फुडं जात न्हाई."

"आणि अविवाहित कसं लिहिलं?"

"तिथं लगीन झालेल्याला जागाच न्हाई. अविवाहित, घटस्फोटित, विधुर. मग म्हनलं, इथून फुडं पोराचं इचारत असतील."

"आन् फोटो?" मंदा म्हणाली. "फोटो पोराचा लावायचा का फेट्यातला आपला?"

"चांगला आलाय त्यो."

"चांगला आलाय म्हनूनच फोन आला!"

गौरीला आणखी एक गोष्ट कळत नव्हती. "सागरनं स्वतः का नाही भरला? त्याला तर मोबाईल येतो."

मंदानं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही गौरी परदेशातून आली आहे. "आपल्या लग्नाचा फॉर्म आपनच भरायचा? लोक काय म्हनतील? उतावीळ झालाय म्हनतील."

सागर पलीकडे शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे उचलत होता. त्यानं ऐकलं असावं. त्याचे कान लाल झाले आणि तो आणखी आत गेला.

हे गौरीला माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात फॉर्म म्हणजे ज्याचं काम त्यानं भरायचा. आमच्याकडे लग्नाचं बोलणं मुलगा करत नाही. बाप करतो, काका करतो, मेहुणा करतो. आणि मला हे माहीत असून मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

गौरीनं तिचा फोन दत्तूभाऊंच्या हातात दिला. "काका, पुन्हा पहिल्यापासून भरा. आम्ही काही बोलणार नाही."

मी तोंड उघडणार होते. गौरीनं माझा हात दाबला. दत्तूभाऊंनी चष्मा लावला. पहिल्या चौकटीवर लिहिलं होतं, संपूर्ण नाव. त्यांनी एका बोटानं सावकाश लिहिलं, दत्तात्रय.

मंदानं कपाळावर हात मारला. "अवो, आता तरी!"

"अगं, ते इचारतंयच माझं नाव!"

इतका गोंधळ होऊनही दुसऱ्यांदा तेच झालं. सोसायटी, बँक, रेशन, सगळीकडे फॉर्मची पहिली चौकट त्यांच्याच नावाची असते. बोट आपोआप तिकडे जातं. गौरीनं फोन परत घेतला.

दुसऱ्या दिवशी निर्मलाताईंकडे जायचं ठरलं. मी आणि गौरी दत्तूभाऊंना घेऊन जाणार होतो. मंदा म्हणाली, "मी बी येते. ह्यांची बायको जित्ती हाय हे त्यांना दिसू द्या."

निर्मलाताईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मी बोलायच्या आधी मंदाच पुढे झाली. "ताई, हे नवरदेव. मी त्यांची बायको. आन् ज्याचं लगीन करायचंय त्यो घरी टमाट्याची रोपं भरतोय."

आतून कुणीतरी हसलं. अश्विनी होती. ड्युटीवरून नुकतीच आली होती. तेवढ्यानं आम्ही आत शिरलो.

निर्मलाताई मात्र हसल्या नाहीत. "नावाची चूक मी समजू शकते. पण चोपन्नचं चाळीस चुकून होत नाही. ते हातानं करावं लागतं."

बरोबर विचारत होत्या. दत्तूभाऊ म्हणाले, "केलं म्या हातानंच." त्यानं काही फायदा झाला नाही.

गौरी म्हणाली, "ताई, अश्विनीचा फॉर्म तुम्ही भरून बघता का? तोच फॉर्म आहे, मी अजून काही बदललं नाही."

अश्विनीची नोंद मी समोर बसवून घेतली होती. त्यामुळे निर्मलाताईंनी तो फॉर्म कधी बघितलाच नव्हता.

"मी पतसंस्थेत नोकरी केली आहे. फॉर्म भरण्यातच जन्म गेला माझा."

"मग तर बरंच आहे."

त्यांनी मोबाईल घेतला. नावाच्या चौकटीत अश्विनीचं नाव लिहिलं आणि दत्तूभाऊंकडे एकदा बघून घेतलं. वय बरोबर. शिक्षण बरोबर. मग आली उंची. त्यांनी लिहिलं, पाच फूट तीन इंच. लाल ओळ आली, "फक्त अंक लिहा." त्यांनी त्रेपन्न लिहिलं. लाल ओळ आली, "उंची ४ ते ७ या दरम्यान असावी." त्यांनी तोंड वाकडं केलं, नुसता पाच लिहिला आणि पुढे गेल्या.

अश्विनी त्यांच्या खांद्यावरून बघत होती. "आत्या, माझे तीन इंच कुठे गेले?"

"अगं, ते घेत नव्हतं."

म्हणून झालं आणि त्यांचा हात थांबला. दत्तूभाऊ हळूच म्हणाले, "माझं बी तसंच झालं ताई. चोपन्न घेत नव्हतं."

पहिली मंदा हसली. मग अश्विनी. निर्मलाताईंनी मोबाईल टेबलावर ठेवला, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. चहा आला. मंदानं तो बशीत ओतून प्यायला आणि सागरनं मिरचीच्या रोपांचं काय काय केलं ते सांगायला लागली. अश्विनी ऐकत होती.

निघताना निर्मलाताईंनी अट घातली. अट म्हणताना त्यांनाच हसू आलं. "हा फॉर्म नीट करा. मग मुलाचा फॉर्म वडिलांनीच भरायचा, एकट्यानं. मावशी, तुम्ही शेजारी बसून भरवायचा नाही. तो नीट भरून आला तर आम्ही मुलगा बघायला येऊ. नाही आला तर माझा तुमच्या कामावर विश्वास नाही."

म्हणजे सागरचं लग्न आता लाल ओळींवर येऊन बसलं होतं.

गौरी माझ्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. म्हणाली, "मावशी, आपण त्यांना नियम सांगितला आणि त्यांनी नियम पाळला. चूक त्यांची नाहीच." मग तिनं सगळ्यांत वर एक नवा प्रश्न घातला. हा फॉर्म तुम्ही कोणासाठी भरताय? मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, स्वतः. मुलगा निवडलं की पुढच्या सगळ्या चौकटींवर मुलाचं नाव, मुलाची जन्मतारीख, मुलाची उंची असंच येतं. वय विचारणं काढून टाकलं, त्याजागी जन्मतारीख ठेवली. उंचीच्या दोन चौकटी केल्या, फूट वेगळे, इंच वेगळे.

लाल ओळी मात्र मी सांगणार म्हटलं. इतकी वर्षं मीच लोकांना सांगत आले, मशीनमध्येही माझंच बोलणं पाहिजे. मी सांगितलं, "लिही. लग्न तुमचं नाही, पोराचं आहे. नीट वाचून भरा."

"असंच लिहू?"

"असंच. मी समोर असंच बोलते. कुणी रागवत नाही."

तिनं लिहिलं.

संध्याकाळी मंदाचा फोन. "आमचे हे रुसलेत. मोबाईल ठिवला आन् मळ्यात गेले."

"का?"

"तुमच्या मशीननं त्यांना झापलं."

मी म्हटलं, त्यांना फोन द्या. ते मळ्यातून येईपर्यंत मी थांबले. दत्तूभाऊ म्हणाले, "मावशी, तुमी बोलता तवा हातात चहा असतो. तुमी हसता बी. हे मशीन नुसतंच वसकतंय."

"पण तुम्ही काय लिहिलं होतं?"

"जन्मतारीख माझी पडली. सवय हाय वो हाताला. पोराची लिवणारच हुतो, तेवढ्यात त्यानं काढलं माझं लगीन."

मी गौरीला फोन केला. म्हटलं, ते वाक्य काढ. ती म्हणाली, "दुसरं तयार आहे. तुम्हाला आधी दाखवलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं." खरं होतं, म्हणून मी रागावले नाही.

तिचं वाक्य असं होतं. "या तारखेप्रमाणे मुलाचं वय ५४ होतं. ही तारीख तुमची तर नाही ना? इथे मुलाची जन्मतारीख टाका." काय लिहिलं ते सांगितलं, काय झालं असेल ते विचारलं, आता काय करायचं ते सांगितलं. नीट वाचा नाही, चुकलं नाही, अवैध नाही. मी त्यात एकच भर घातली. प्रत्येक लाल ओळीखाली एक बटण ठेवायला लावलं, "मी लिहिलेलं खरं आहे." ते दाबलं की फॉर्म अडत नाही, पण मला फोन करायला सांगतो. कारण खरोखरच चोपन्न वर्षांचा नवरदेव माझ्याकडे येतो कधीकधी, आणि त्यालाही बायको पाहिजेच असते.

पुढचं मंदानं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर दत्तूभाऊ पुन्हा फॉर्म घेऊन बसले. ती दारात धान्य निवडत बसली होती. मदत करायची नाही म्हणून तिनं त्यांच्याकडे पाठ केली होती. नाव सागरचं लिहिलं. जन्मतारीख पुन्हा स्वतःचीच टाकली. लाल ओळ आली. मंदाला वाटलं आता मोबाईल आपटतात. तर हे मोठ्यानं हसले.

"अगं, हे मला इचारतंय, ही तारीख तुमची तर नाही ना!"

"मग सांगा त्याला व्हय म्हनून."

त्यांनी तारीख बदलली. उंचीसाठी सागरला शेडनेटमधून बोलावून भिंतीला उभा केला आणि टेपनं मोजला. इंच सुद्धा लिहिले. मग फोटोसाठी त्याला रोपांच्या ट्रेमागे उभा केला. तो फोटो दत्तूभाऊंनीच काढला.

मी निर्मलाताईंना फोन केला नाही. फॉर्म त्यांच्याकडे आपोआप गेला. तासाभरानं त्यांचाच फोन आला.

"मुलगा बरा दिसतो. फोटोच्या कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय."

"बापाचं असेल."

"मग वडिलांनीच भरलाय म्हणायचं." थोडं थांबून म्हणाल्या, "रविवारी अश्विनीला सुट्टी आहे."

रविवारी आत्या आणि भाची सोनईकडे आल्या. कांदेपोहे झाले, मग अश्विनीनं रोपवाटिका बघायची म्हटलं. सागर घरात दोन शब्द बोलला नव्हता. शेडनेटखाली गेल्यावर कोबीचं रोप किती दिवसांचं लावायचं, उन्हाळ्यात पाणी कधी द्यायचं, यावर न थांबता बोलत सुटला. अश्विनीनं त्याला विचारलं, "माझी रात्रपाळी असेल तर जेवण कोण करेल?" तो म्हणाला, "मला भाकरी येते. वाकडी होते, पण येते." तिनं मागं वळून आत्याकडे बघितलं. असं बघणं मला ओळखू येतं. मी निघायची तयारी केली, माझं काम झालं होतं.

लग्न झालं. दत्तूभाऊंनी तोच फेटा बांधला होता आणि जो तो त्यांना नवरदेव म्हणून हाक मारत होता. जेवण चांगलं होतं. मठ्ठा थोडा आंबट होता.

आता फॉर्म भरून येतात, माझे फोन कमी झाले. गौरी नवी लाल ओळ लिहिली की आधी मला दाखवते, मग दत्तूभाऊंना. ते रुसले नाहीत तरच ती ओळ अॅपमध्ये जाते.

या धंद्यात लोक वयाबाबत खोटं बोलतात, हे धरूनच मी इतकी वर्षं चालले. अजूनही बोलतात. फरक एवढाच, की आता कुणाला खोटारडा म्हणायच्या आधी मी बघते, खरं लिहायला आपण त्याला जागा ठेवली होती का.